घराचं हवापाणी: शहरात नव्याने राहायला जाणाऱ्यांसाठी

नव्या गावी गेलेला माणूस आजारी पडला की आपण सहज म्हणतो, "तिथलं हवापाणी मानवलं नाही." शहराच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब ठणठणीत असतं आणि गच्चीखालच्या घरातली मुलं वर्षभर खोकत असतात. शहर एकच, पण प्रत्येक घराचं हवापाणी वेगळं. अमेरिकेत १९९०च्या दशकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत लोकांचा ८७ टक्के वेळ इमारतींच्या आत जातो असं दिसलं होतं. म्हणजे आपण राहतो शहरात, पण श्वास घेतो तो बहुतेक घरातलाच.

शहरात आल्यावर माझं पहिलं घर तळमजल्यावरची एक खोली होती. दोन महिन्यांत रात्रीचा खोकला सुरू झाला. औषधं झाली, खोकल्याच्या बाटल्या बदलल्या. मग कामासाठी दहा दिवस बाहेरगावी गेले आणि चौथ्या रात्री लक्षात आलं की आपण सलग झोपलोय. परत आल्यावर दुसऱ्याच रात्री खोकला हजर. त्या रविवारी कपाट भिंतीपासून ओढलं. मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळसर-हिरवट बुरशीचा नकाशा पसरला होता आणि कपाटाची मागची फळी हाताला भिजल्यासारखी लागत होती. माझी उशी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर होती. त्या दिवसापासून मी घर बघायची पद्धत बदलली. तीच इथे पायरीपायरीने सांगते आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. घरातले काही दोष राहायला गेल्यावर दुरुस्त करता येतात, काही जन्मात करता येत नाहीत. पडदे, पंखा, गळका नळ, रंग हे होऊन जातं. मोठा रस्ता, खिडकी नसलेली खोली, वरच्या न्हाणीघरातून झिरपणारं पाणी, डोक्यावर तापणारा स्लॅब हे तुमच्या हातात नाही. पैसे कमी असले की तडजोड करावीच लागते, मीही केली आहे. पण ती पहिल्या प्रकारच्या दोषांवर करा. दुसऱ्या प्रकारचा दोष स्वस्तात मिळाला तरी तो दर महिन्याला अंगावर निघतो.

पायरी १: घर दोनदा बघा, आणि दोन वेगवेगळ्या वेळी

घर दाखवणारा आपल्याला त्याच्या सोयीच्या वेळी नेतो. सहसा ती दुपारची, शांत वेळ असते. तुम्ही तिथे राहणार मात्र रात्री. म्हणून दुसरी फेरी संध्याकाळी उशिरा मारा. झोपायच्या खोलीत जा, सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसायला सांगा. आधी खिडकी बंद ठेवून ऐका, मग उघडून. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, खालच्या दुकानाचं शटर, चौकातले हॉर्न, हे सगळं तेव्हाच कळतं.

आवाजाची सवय होते असं म्हणतात. मनाला होते, शरीराला तितकीशी होत नाही. झोपेतही आवाजाने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वर जातात, सकाळी आपल्याला आठवतही नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं.

संध्याकाळच्या फेरीत आणखी एक काम करा. पश्चिमेच्या भिंतीला आणि वरचा मजला असेल तर छताजवळच्या भिंतीला तळहात लावा. सूर्य मावळून दोन तास झाल्यावरही भिंत गरम असेल, तर ती रात्रभर तुमच्या खोलीत ऊन सोडत राहणार. दगड, विटा, डांबर दिवसा उष्णता पितात आणि रात्री ओकतात. लंडन शहर भोवतालच्या खेड्यांपेक्षा रात्री जास्त उबदार असतं, हे हवामानाचे अभ्यासक लूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तापमानाच्या नोंदी ठेवून दाखवलं होतं. उष्णतेच्या लाटेत माणूस दिवसाच्या उन्हापेक्षाही न निवणाऱ्या रात्रींनी जास्त खचतो, कारण शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. १९९५च्या जुलैमध्ये शिकागोत अशा काही दिवसांत ७०० हून अधिक माणसं दगावली. नंतरच्या अभ्यासात एकटे राहणारे, घराबाहेर न पडणारे आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक जास्त धोक्यात होते असं आढळलं. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर गच्चीखालच्या घराचा मोह टाळा. घ्यावंच लागलं तर गच्चीवर पांढरा, ऊन परतवणारा लेप लावून मिळेल का, ते करार करण्याआधी विचारा.

पायरी २: ओल शोधा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. डोळ्यांना ओल शेवटी दिसते, आधी ती नाकाला कळते. दार उघडल्या उघडल्या पहिला श्वास लक्ष देऊन घ्या, कारण दोन-तीन मिनिटांत नाक सरावतं. कुबट, ओल्या फडक्यासारखा वास आला तर पुढचं सगळं नीट तपासा. ओट्याखालची आणि भिंतीतली कपाटं उघडून त्यात डोकं घाला. अगरबत्ती किंवा सुगंधी फवारा मारून ठेवलेल्या घरात तर हे नक्कीच करा. सगळं घर जुनं आणि एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला, तर तो कोपरा का रंगवला ते स्पष्ट विचारा.

ओल तीन वाटांनी येते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. हे न ओळखल्यामुळे लोक वर्षानुवर्षं चुकीच्या जागी पैसे ओततात.

पहिली गळतीची. वरच्या न्हाणीघरातून, गच्चीतून, फुटलेल्या नळीतून किंवा बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून पाणी आत येतं. छतावर किंवा भिंतीवर पिवळट-तपकिरी कडा असलेला डाग दिसतो आणि पावसानंतर किंवा वरच्यांनी पाणी वापरलं की तो मोठा होतो. दुसरी जमिनीतून चढणारी. ही तळमजल्यावर, साधारण कमरेच्या उंचीपर्यंत असते. भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी येते, रंगाचे पोपडे सुटतात. तिसरी आपणच तयार केलेली. आपला श्वास, स्वयंपाक, अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांतून एका कुटुंबाची रोज कित्येक लिटर वाफ हवेत जाते. बाहेर जायला वाट नसेल तर ती थंड भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर, कपाटामागे पाणी होऊन बसते आणि तिथे काळे ठिपके उमटतात.

कोणती ओल आहे ते कळत नसेल तर एक साधी युक्ती आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा वितभर चौकोन भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने थेंब जमले तर वाफ घरातली आहे. फॉइल काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतं आहे. भिंतीतून येणाऱ्या पाण्यावर तुम्ही कितीही खिडक्या उघडल्या तरी उपयोग नाही, तिथे घरमालकाने बांधकामाची दुरुस्ती करायला हवी. उलट घरातल्या वाफेसाठी भिंत फोडण्यात अर्थ नाही, हवा खेळती करायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनाचे संसर्ग जास्त होतात, असं त्यात म्हटलं आहे. ब्रिटनमधल्या रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल दगावलं. त्याच्या आईवडिलांनी बुरशीबद्दल पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या होत्या. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे श्वसनाचा विकार होऊन हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ साली अधिकृत चौकशीत निघाला आणि त्यानंतर तिथला कायदा बदलला. "जरा ओल आहे, रंग मारला की जाईल," असं कोणी म्हटलं की मला ते मूल आठवतं. रंगाने बुरशी जात नाही. ती रंगाखाली वाढते आणि काही महिन्यांत रंगासकट सुटून येते.

छोटा डाग असेल, साधारण एक मीटर लांबी-रुंदीच्या आतला, तर स्वतः साफ करता येतो. मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्याने ओलं फडकं मारून पुसा आणि भिंत पूर्ण वाळवा. कोरड्या ब्रशने खरवडू नका, कण हवेत उडतात. ब्लीच वापरलंत तर त्यात ॲसिड किंवा अमोनिया असलेलं दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. घरात ज्याला दमा आहे त्याने हे काम करू नये.

पायरी ३: हवा कुठून येते आणि कुठून जाते

खिडकी आहे एवढं पुरत नाही, ती कुठे उघडते ते बघा. इमारतीच्या आतल्या अरुंद डक्टमध्ये उघडणारी खिडकी दहा घरांच्या न्हाणीघरांची हवा तुमच्याकडे आणते. समोरासमोर किंवा निदान दोन वेगळ्या बाजूंना खिडक्या असतील तर वारा आरपार जातो. क्षयासारखे हवेतून पसरणारे आजार कोंदट, गर्दीच्या खोलीत सहज पसरतात. चार माणसं एका खोलीत झोपणार असतील, तर मोठ्या पण बंद खोलीपेक्षा लहान पण वाऱ्याची खोली मी केव्हाही पसंत करेन.

एक्झॉस्ट फॅन चालू करून त्याच्या जाळीवर पातळ कागदाचा तुकडा धरा. चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतो आहे. गळून पडला तर तो नुसता आवाज करतो आहे. कित्येक घरांत चिमणीचा पाइप बाहेर काढलेलाच नसतो, धूर वरच्या कपाटात सोडलेला असतो. स्टूलवर चढून पाइपचा शेवट शोधा.

गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात असेल तर मी ते घर घेणार नाही, किंवा गीझर बाहेर बसवून घेतल्याशिवाय राहायला जाणार नाही. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ते अपचन समजू नका. तडक बाहेर पडा, मदत बोलवा आणि शेगडी, गीझर, हीटर तपासल्याशिवाय परत लावू नका.

रस्त्याचं काय? मोठ्या रस्त्यालगतच्या साधारण ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात वाहनांच्या धुराचा त्रास सगळ्यात जास्त असतो आणि रस्त्यापासून लांब जाल तसा तो झपाट्याने कमी होतो. त्या धुरातले पीएम २.५ हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे असतात, म्हणून नाकात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यांची वर्षभराची सरासरी मर्यादा दर घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. रस्त्यावरचंच घर मिळालं तर झोपायची खोली मागच्या बाजूला करा, आणि रस्त्याकडच्या खिडक्या वाहतूक कमी असेल त्या वेळी उघडा. सतत बंद ठेवू नका. आत वाफ आणि स्वयंपाकाचा धूर साठला तर फायदा काहीच होत नाही.

पायरी ४: उजेड

दिवसा सगळे दिवे बंद करायला सांगा. दुपारी बारा वाजता खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचता येत नसेल, तर त्या घरात झोपेचं घड्याळ बिघडतं, कारण शरीर सकाळच्या उजेडावरच आपली वेळ लावतं. काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मात्र जवळपास मिळत नाही, त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. म्हणून बाल्कनी, गच्ची किंवा जवळचं मैदान हवंच. खिडकीतून झाड दिसत असेल तर त्याला किंमत द्या. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

पायरी ५: पाणी आणि सांडपाणी

टाकी कुठे आहे, तिला घट्ट झाकण आहे का, शेवटची कधी धुतली, हे तीन प्रश्न इमारतीतल्या जुन्या रहिवाशाला विचारा, घरमालकाला नको. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ एका हातपंपाच्या पाण्यातून पसरते आहे, हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी विचारपूस करूनच शोधलं होतं. फार जुन्या इमारतीत शिशाचे पाइप असू शकतात. तसा संशय असेल तर पिण्यासाठी गरम पाण्याचा नळ वापरू नका आणि सकाळी थोडं पाणी सोडून मगच भरून घ्या. जुन्या रंगातही शिसं असतं. सुटलेले पोपडे रांगत्या मुलाच्या हाताला लागू देऊ नका, कारण शिशाचं मुलांसाठी सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मोरीची जाळी उचलून बघा, वास येत असेल तर खालचा पाण्याचा अडसर कोरडा पडला आहे किंवा नाहीच. आणि डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टाकाऊ सामान आठवड्यातून एकदा कोरडं करायचं. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही.

पायरी ६: राहायला गेल्यावरचा पहिला आठवडा

कपाटं आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, मागे हवा फिरली पाहिजे. अंघोळीनंतर न्हाणीघराचं दार बंद करून खिडकी किंवा पंखा चालू ठेवा, वाफ बाहेर जाऊ द्या, घरात नको. हवेतली आर्द्रता मोजणारा एक हायग्रोमीटर आणा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली तर बुरशी आणि धुळीतले किडे दोघांनाही मोकळं रान मिळतं. उन्हाळ्यात ऊन येणाऱ्या खिडक्यांना बाहेरून सावली द्या. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो. हवा ४० अंशांच्या वर तापली की पंखा गार करत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो. तेव्हा ओलं फडकं, पाण्याचा शिडकावा आणि गार जागा शोधणं हेच खरं. थंडीच्या प्रदेशात असाल तर घरात किमान १८ अंश तापमान राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लहान मूल असेल तर सामान उघडायच्या आधी खिडक्यांना जाळी किंवा गज बसवा. न्यूयॉर्क शहराने १० वर्षांपर्यंतची मुलं राहतात त्या घरांसाठी खिडकीला गज सक्तीचे केले ते १९७६ साली, कारण मुलं खिडकीतून पडून दगावत होती. हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

पायरी ७: नोंद ठेवा

पहिले तीन महिने एका वहीत लिहा: आज कोणाला काय झालं, रात्री कुठे झोपलो, पाऊस होता का, खिडक्या उघड्या होत्या का. खोकला, डोकेदुखी, सर्दी घरात वाढते आणि बाहेरगावी कमी होते का, ते या वहीतूनच दिसतं. माझा खोकला एका योगायोगाने सापडला, तुम्ही योगायोगाची वाट बघू नका. ही वही डॉक्टरकडे घेऊन जा आणि घराबद्दल स्वतःहून सांगा. ओल आहे, वरचा मजला आहे, पाचजण एका खोलीत झोपतो, हे सांगायला लाजू नका. बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत, सांगितलं तर मात्र उपचाराची दिशा बदलते.

घरमालकाला ओलीबद्दल तोंडी सांगितलं तरी त्याच दिवशी लेखी संदेश पाठवा, तारीख दिसेल असा फोटो जोडा. करार करतानाच "गळती आणि ओलीची दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची" ही ओळ लिहून घ्या. ही ओळ घालायला जो तयार नाही, त्याचं घर मी घेणार नाही.

याच आठवड्यात शेजारच्या आणि वरच्या घराची बेल वाजवा. नाव सांगा, फोन नंबर द्या आणि घ्या. शिकागोतल्या त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे कोणी ना कोणी येत-जात होतं, ते जास्त वाचले. तुमच्या मजल्यावर कोणी एकटं राहत असेल, तर उकाड्याच्या दिवसांत सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दार वाजवून या, आणि तुम्ही एकटे असाल तर कोणाला तरी तसं सांगून ठेवा.